दुखलं की टोचायचं

आमच्या घरात एकच नियम: दुखलं की टोचायचं, विचार मागाहून. नवऱ्याला हिमोफिलिया. रक्त गोठवणारा फॅक्टर अंगात पुरेसा तयारच होत नाही, त्यामुळे गुडघ्यात, कोपरात, कुठेही आतल्या आत रक्त साठतं. फ्रिजमध्ये अंड्यांशेजारी औषधाच्या कुप्या, आणि टोचणारी मी. बावीस वर्षं. तरी नणंद गावभर सांगत फिरायची, "ही बाई एक दिवस माझ्या भावाला मारणार." बोलणाऱ्याच्या तोंडाला कोण हात लावणार!

त्या सकाळी ते चष्म्याच्या दुकानातून दहालाच परत आले. डावा खांदा धरून.

"शटर उचललंत ना? शेजारच्यांना हाक मारायला काय जीभ झडते?"

"उचललं खरं. पण हे तसलं दुखणं नाही गं. रक्त साठताना आधी गरम लागतं, मग सांधा ताठरतो. हे छातीतून येतंय."

"झालं! आता मला शिकवा. सुई चुकवायला एकेक सोंगं!"

कपाळावर घाम होता. मला दिसला होता. तो सुईच्या भीतीचा, असं मीच ठरवून टाकलं. त्यांनी मुकाट्याने हात पुढे केला. माझ्याशी वाद घालून कधी जिंकले होते बिचारे? पूर्ण डोस दिला. वीस मिनिटांत ओठ निळे पडले.

हॉस्पिटलात नणंद माझ्या आधी हजर. हृदयाची डॉक्टर म्हणजे अगदी तरुण पोरगी, पण बोलली सरळ. "हार्ट अटॅक आहे. रक्तवाहिनी बंद पडलीय. मनगटातून नळी घालून स्टेंट बसवते. त्याआधी फॅक्टर द्यावाच लागेल, नाहीतर रक्त थांबणार नाही. पण जास्त झाला तर स्टेंटमध्येच गुठळी होईल. तपासणीला तास लागतो, तेवढा वेळ नाही. आज घरी दिलात का?"

नणंद माझ्याकडे टक लावून बघत होती. "अगं, सांग ना!"

त्यांच्या हातावर सुयांच्या खुणा इतक्या, की आजची कोणती ते मी सोडून कुणाला ओळखता आलं नसतं. "दिला" म्हटलं की नणंद मला तिथेच उभी सोलणार.

"नाही," मी म्हटलं.

ऑक्सिजनच्या मास्कखाली त्यांनी मान हलवली. डावा हात उचलून दाखवायला लागले. मी तो दाबून धरला. "हलू नका हो." आणि डॉक्टरला म्हटलं, "सुई दिसली की असेच करतात. भित्रे आहेत."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग हात सैल सोडला.

वजन बघून पोरीने पूर्ण डोस दिला. स्टेंट बसला, ती हसत बाहेर येऊन सांगून गेली. पाऊण तासाने पुन्हा धावपळ. स्टेंट गुठळीने भरला होता. डॉक्टरांनी तो मोकळा केला, तो परत भरला. पावणेदोनला सगळं संपलं.

नणंद माझ्या गळ्यात पडून धाय मोकलून रडली. "मी तुला नाही नाही ते बोलले गं. तू नसतीस तर तो केव्हाच गेला असता."

तेवढ्यात डॉक्टर आली. हातात तपासणीचा कागद. "फॅक्टर दुपटीने जास्त निघालाय. मी वजन दोनदा बघितलं होतं. खरंच दोनदा. कुठे चुकले, कळत नाहीये."

नणंदेने तिचा कोट धरला. "खुनी! माझा भाऊ मारलास!" पोरगी भिंतीला टेकून रडायला लागली, अगदी लहान मुलीसारखी.

एक वाक्य बोलायचं होतं मला. ओठांपर्यंत आलंही होतं. मी नणंदेचा हात सोडवला, त्या पोरीच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हटलं, "जाऊ दे बाळ, माणूस आहे, चुकतं. मी माफ केलं तुला."

लाज वाटली, नाही असं नाही. पण सुटल्यासारखं जास्त वाटलं.