वजनाची भिशी

लालबागच्या एका व्यायामशाळेत एक शनिवार सोडून दुसऱ्या शनिवारी मी वीस मुलींची वजनं आणि उंच्या घेते. आमच्या संस्थेचा कार्यक्रम नऊ ते तेरा वर्षांच्या जाड मुलींसाठी आहे. आहाराचा सल्ला, महिन्यातून एक घरभेट आणि आठवड्यातले चार दिवस दोरीचा मल्लखांब. मल्लखांब मुलींनी इतका मनावर घेतला की आहाराच्या सल्ल्याकडे लक्ष द्यायला कुणाला वेळ उरला नाही. वजनं मात्र उतरायला लागली.

नियम साधा होता. वय आणि उंची यांवरून वजनाची एक रेषा ठरते. सलग दोन मापांत मुलगी त्या रेषेच्या खाली आली की ती यशस्वी. मग तिला प्रमाणपत्र देतात, फोटो काढतात आणि तिची जागा यादीतल्या पुढच्या मुलीला देतात.

पूर्वी परब अकरा वर्षांची. आई हिंदमाताला साड्यांच्या दुकानात कामाला, म्हणून आजी तिला घेऊन यायची. नोव्हेंबरअखेरच्या मापात पूर्वी रेषेच्या सातशे ग्रॅम खाली आली. मी शाबास म्हटलं. तिने आधी दोरीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. दोरीवर पद्मासन घालायला ती नुकतीच लागली होती. मांडी जमायची, हात सोडणं जमत नव्हतं.

"पुढच्या वेळीही असंच आलं की झालं," मी म्हटलं.

"म्हणजे मी बाहेर," पूर्वी म्हणाली.

पुढच्या मापात तिचं वजन एक किलो सहाशे ग्रॅमनी वाढलं होतं. पंधरा दिवसांत एवढी चरबी चढवायची तर रोजच्या जेवणाशिवाय चाळीसेक वडापाव खायला लागतात. दिवसाला जवळजवळ तीन. अशक्य नाही, पण शाळा सांभाळून अवघड. पूर्वी काट्यावर गुडघे जुळवून उभी होती.

"बाथरूमला जायचंय का?"

"नाही ताई."

"मग उंची परत घेऊ. नंतर कंबर. फॉर्मही भरायचाय."

कंबरेला टेप लावल्याबरोबर ती "ताई, प्लीज" म्हणाली आणि पळाली.

बाकावर तिची आजी, तुळसाबाई, बसली होती. पिशवीतून दोन रिकाम्या बाटल्यांची बुचं दिसत होती.

"किती पाजलंत?"

"दीड लिटर. वर दोन केळी," आजी म्हणाली. तिला अजिबात ओशाळल्यासारखं वाटत नव्हतं. "हिच्या बापसाक, माझ्या दिनेशाक, ह्याच हॉलात सुदृढ बालक स्पर्धेत पयलो नंबर मिळालो होतो. आठ म्हयन्यांचो होतो, अकरा किलो. डॉक्टरांनी टाळये वाजवल्यानी. आता बारीक होवा म्हणतत, आणि झाला की भायर काढतत. तुमचा नक्की काय ता एकदा ठरवा गो."

मी यादी उघडली. यादीत आणखी तिघींची वजनं त्याच पंधरवड्यात किलो-दीड किलोने वर गेलेली होती.

सोमवारी मी दादरच्या ऑफिसात उन्मेषला भेटले. कार्यक्रम तोच चालवतो.

"यशस्वी मुलींना बॅचमध्येच राहू दिलं तर?"

"बारीक मुलीला मल्लखांब शिकवला तर तो खेळ झाला, आरोग्य नाही झालं," तो म्हणाला. "देणगीदार आरोग्यासाठी आहेत."

"व्यायामशाळेत मुलींची दुसरी बॅच नाही. आपल्याकडून गेली की तिचा खेळ संपला."

"मान्य. पण मला जानेवारीअखेर चार यशस्वी दाखवायच्यात. दर तिमाहीला चार. नाहीतर बॅचच बंद. तुझ्याकडे किती आहेत?"

"शून्य."

"बघ म्हणजे." मग माझी समजूत घालावी तसं तो म्हणाला, "तीन महिन्यांनी वजन परत रेषेच्या वर गेलं तर मुलीला परत घेता येतं. जागा झाली की आधी तिलाच. तशी तरतूद आहे."

चुकीचे आकडे लिहिणं मला जमत नाही. म्हणून पुढच्या शनिवारी मुलींना आणि त्यांच्यासोबतच्या बायकांना मी सगळं जसंच्या तसं सांगितलं. खरं कळल्यावर त्या पाणी पिणं सोडतील असा माझा अंदाज होता. तो बरोबर निघाला.

"चार पोरी?" तुळसाबाईंनी विचारलं.

"चार."

"तीन म्हयन्यांनी परत?"

"वजन वाढलं तर."

तुळसाबाई तीस वर्षं चाळीतल्या बायकांची भिशी चालवत होत्या. त्यांनी माझ्याकडे कागद मागितला. मी आहाराचा एक तक्ता दिला, पाठकोरा होता. रेषेच्या आसपास असलेल्या नऊ मुलींची नावं त्यावर लिहून, चिठ्ठ्या करून त्यांनी डब्यात हलवल्या. सगळ्यात लहान मुलीने चार काढल्या, या तिमाहीला यशस्वी होऊन बाहेर जायच्या त्या. तिसरी पूर्वीची निघाली.

"आजी, माझी परत टाक ना."

"भिशीत परत टाकणत नाय."

"माझं पद्मासन अर्धं राहिलंय."

"सगळ्यांचाच कायतरी अर्धा रवता. आता घेतलंस तर पुढच्या खेपेक तुझा नाव नाय."

"आजी, तू माझ्या बाजूने आहेस ना?"

"मी भिशीच्या बाजून," तुळसाबाई म्हणाल्या आणि उरलेल्या चिठ्ठ्या कनवटीला लावल्या.

पुढच्या दोन्ही मापांत चौघीही रेषेच्या खाली आल्या. उन्मेष फोटोग्राफर घेऊन आला. आमचा आलेख पाहून इतर केंद्रांना शिकण्यासारखं बरंच आहे, असं तो म्हणाला आणि एवढी शिस्त कशी आणली ते मला विचारलं. पालकांचा सहभाग, असं मी सांगितलं. ते खरंच होतं. पूर्वीने प्रमाणपत्र छातीशी धरलं. हस म्हटल्यावर हसली.

तिच्या जागी आलेली मुलगी श्रेया त्याच सकाळी हजर होती. दहा वर्षांची, नवे बूट घातलेली, फार उत्साही. मी तिची उंची घेतली, मग वजन. रेषेच्या साडेतीन किलो वर.

"मी गोड सोडलंय," श्रेया म्हणाली. "दोन महिन्यांत उतरवणार."

पूर्वी फाटकापर्यंत गेली होती, ती परत आली.

"घाई करू नको," ती श्रेयाला म्हणाली. "वर्षभर पुरव. आणि मल्लखांब रोज कर, एक दिवस चुकवू नको."

श्रेयाने माझ्याकडे पाहिलं. फॉर्मवर लक्ष्याच्या तारखेचा रकाना होता. मी वजन लिहिलं, उंची लिहिली, तो रकाना सोडला आणि पुढच्या मुलीला बोलावलं.