तुराट्यांच्या राखेचा साबण

प्रेमिलाबाई गेल्या तेव्हा घरात त्यांच्या हातचा साबण एकच डबी उरला होता. तोही तेराव्याला आलेल्या पाहुण्यांनी हात धुऊन धुऊन संपवला. चंद्रभानजींना त्याचं फार लागलं. बायकोच्या पदराला तोच वास होता.

मुलगी मिनल त्यांना भिवापूरहून धरमपेठेतल्या आपल्या फ्लॅटवर घेऊन आली. म्हाताऱ्याने कपडे आणले दोनच जोड, पण बायकोने साठवलेली तुराट्यांची राख डबाभर, आणि मोहाच्या बियांच्या तेलाची शेवटची बाटली. शेत विकून झालं होतं, नवी तूर आता कुठली? साबण होणार तो एकदाच.

तळाला भोक असलेलं मडकंही त्यांनी सोबत आणलं होतं. त्यात गवत, गवतावर राख, राखेवर पाणी. दोन दिवस थेंब थेंब तांबूस पाणी झिरपलं. तिसऱ्या दिवशी मिनल ऑफिसला गेल्यावर त्यांनी ते तेलात ओतलं, पातेलं गॅसवर चढवलं आणि ढवळायला लागले. चाळीस वर्षं त्यांच्या वाट्याला हेच तर काम होतं. फेस वर आला की प्रेमिलाबाई हातातली पळी हिसकावून घ्यायच्या.

"बाहेर व्हा जी आता. माणसाची नजर लागली का साबण फाटते."

"माही नजर तुले नाही लागली, साबणाले काहून लागन?"

त्या हसायच्या, पण दार लावायच्याच. हे मुकाट्याने पायरीवर जाऊन बसायचे. घटकाभराने "या जी!" अशी हाक यायची आणि आत साबण तयार असायचा.

आता पातेल्यात फेस चढला. तोच वास घरभर पसरला. चंद्रभानजींचे डोळे भरून आले. त्यांनी पळी खाली ठेवली, दार ओढून घेतलं आणि जिन्याच्या पायरीवर जाऊन बसले.

दुपारी मिनल आली तेव्हा दाराच्या फटीतून धूर येत होता. तिने धावत जाऊन गॅस बंद केला. पातेल्याच्या बुडाशी काळा कोळसा झाला होता.

"बाबा, आत सारं जळून राहिलं! तुम्ही इथं काहून बसून राहिले?"

चंद्रभानजींनी उघड्या दाराकडे पाहिलं.

"तुही माय हाक मारते ना," ते म्हणाले. "आज मारलीच नाही वं तिनं."