बेगमची पेंड

आमची म्हैस बिअरच्या कारखान्यातला जवाचा चोथा खायची, आणि तेवढ्यावरून माझे सासरे औरंगाबादला यायला नाही म्हणत होते. राज्यांची नवी वाटणी झाली, मराठवाडा मुंबई राज्यात गेला आणि यांच्या बदलीचा हुकूम आला. निजामाच्या शहरातलं जामबागचं घर सोडायचं ठरलं. मामंजी म्हणाले, तुम्ही जा. तिकडे दारूबंदी, म्हणजे चोथा नाही, म्हणजे बेगम उपाशी. बेगम हे म्हशीचं नाव. जन्मभर वकिली केलेल्या माणसाला कारणांचा काय तोटा!

हे रोज संध्याकाळी त्यांची समजूत घालायचे आणि रोज हरायचे. वाद सगळा म्हशीचा.

शेवटी मी म्हटलं, कारणच काढून टाकू. टोपल्यातला चोथा मूठमूठ कमी करत गेले आणि त्या जागी भिजवलेली सरकीची पेंड घातली. मामंजींना नेहमीचा आंबूस वास यावा म्हणून वर चोथ्याचा पातळ थर ठेवायची. बेगमनं आधी नाक मुरडलं, थोडे दिवस पान्हा चोरला, मग मुकाट्यानं खायला लागली. संक्रांतीपर्यंत ती निव्वळ पेंडीवर आली.

मग एका सकाळी मी मामंजींना गोठ्यात नेलं. बेगमचं तोंड पेंडीत, माझ्या हातात दुधानं भरलेली कासंडी. आता बोला, असं मी ऐटीत म्हटलं. त्यांनी बेगमच्या पाठीवरून हात फिरवला.

"शहाणी झाली की. मग हिला घेऊन जा. मुलांना दूध होईल. मी राहतो इथं."

मला रडूच कोसळलं. रागही आला.

"म्हैस कुणाला हवी आहे, मामंजी? मला तुम्ही हवे आहात. त्या परक्या गावात मी भांडू कुणाशी, आणि माझी बाजू घेणार कोण?"

त्यांनी पंच्यानं डोळे पुसले.

"हे कुणी बोललंच नाही, निर्मला. जो तो म्हशीचंच विचारत होता. मला वाटलं, म्हाताऱ्याला मागं ठेवलं तर लोक नावं ठेवतील, म्हणून नेतायत."

"मी विचारते ना. येता का आमच्याबरोबर?"

"हौ," मामंजी म्हणाले. "विचारलंस, आता येतो."