तळ्यात, मळ्यात आणि आकांक्षाची चढाई

मित्रांनो, मी एक जुना शब्द आहे. माझं नाव 'तळ्यात-मळ्यात'. माझा जन्म मुलांच्या खेळात झाला. जमिनीवर रेघ ओढायची. अलीकडे मळा, पलीकडे तळं. ज्याच्यावर राज्य, तो ओरडेल तिकडे उडी मारायची. चुकला तो बाद. पुढे मोठ्यांनी मला उचललं. आज हो आणि उद्या नाही म्हणणाऱ्या माणसाला ते म्हणू लागले, 'याचं आपलं तळ्यात-मळ्यात चाललंय.' लग्न जमवताना, नोकरी सोडताना, पक्ष बदलताना मी सगळ्यांच्या तोंडी असतो. पण कौतुकानं माझं नाव कुणी घेत नसे, याचं मला फार वाईट वाटायचं.

भोईवाड्याच्या एका चाळीत आकांक्षा परब राहते. कबड्डीत तिच्या चढाईला भलेभले बिचकत. गेल्या वर्षी तिचा गुडघा दुखावला. तो बरा झाला, डॉक्टरांनी परवानगीही दिली, पण मनातली भीती हटेना. ती मैदानाच्या फाटकापर्यंत जायची आणि परत फिरायची. शेवटी तिची आई रखमा वैतागली.

"खेळतलंस की नाय, तां एकदाचा सांग गो. किती दिवस चलतला तुझा तळ्यात-मळ्यात?"

आकांक्षाचे डोळे भरून आले. मला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तिच्या प्रशिक्षक सरोजिनीताईंच्या कानावर हे गेलं. एका संध्याकाळी त्यांनी चाळीच्या पटांगणात खडूनं रेघ मारली, पोरं गोळा केली आणि आकांक्षाला बोलावलं.

"कबड्डी राहू दे. हे खेळ."

"ताई, मी काय लहान आहे?"

"ये तर."

पहिल्याच हाकेला आकांक्षा बाद झाली. पोरं खिदळली.

"गुडघ्याला विचारत बसलीस," ताई म्हणाल्या. "हाक आली की उडी मारायची. विचार करायचा तो आधी."

आकांक्षा रोज खेळू लागली. हळूहळू हाक आणि उडी यांत अंतर उरलं नाही. मग एक दिवस कुणी न सांगता ती सरावाला गेली.

पुढे लालबागच्या मैदानावर भोईवाड्याच्या संघाचा कबड्डी स्पर्धेतला अंतिम सामना रंगला. गुण बरोबरीत होते आणि शेवटची चढाई बाकी होती. कर्णधार वैदेहीनं हळूच विचारलं, "जातेस? नाहीतर मी जाते."

"मी जाते."

आकांक्षा आत घुसली. कोपऱ्यातल्या खेळाडूला तिचा हात लागला, तोच दोघींनी तिचा तोच दुखरा पाय धरला. ती आडवी झाली, पण दम सोडला नाही. इंच इंच सरपटत तिनं मध्यरेषेपलीकडे बोटं टेकवली. पंचांची शिट्टी वाजली आणि सगळं मैदान उभं राहिलं. तीन गुणांनी भोईवाडा जिंकला. रखमा शेजारणीचा दंड धरून, लेकीकडे बोट दाखवत सांगत होती, "माझा चेडू गो तां."

मित्रांनो, त्या दिवशी मी ताठ मानेनं मिरवलो. तुमच्यातही कुणीतरी अडखळत असेल. माझं नाव घेऊन त्याला हिणवू नका. त्याच्याबरोबर खेळायला उतरा.