भिंतीकडचं चाक

मी एक जुनी, छोटी, काटकसरी गाडी आहे. मित्रांनो, रस्त्यात मी दिसले तर तुम्ही मान वळवून बघणारही नाही. रंग पांढरा होता, आता जुन्या दातांसारखा झाला आहे. पण एक गोष्ट आधीच सांगून टाकते. मला एका जागी उभे राहणे जमत नाही. इंजिन बंद केल्यावरही कितीतरी वेळ माझ्या पोटात टक्, टक् असा आवाज होत राहतो. लोक म्हणतात, लोखंड थंड होते आहे. होत असेल. मला मात्र वाटते, पुन्हा कधी निघायचे, असे मी विचारत असते.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. सरकत्या पट्ट्यावरून माझ्या शेकडो बहिणी एकीमागून एक येत होत्या. कुणी दार बसवी, कुणी काच. आमच्याविषयी तिथे एकच कौतुक ऐकले, "कमी पितात." कशा धावतात, याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही.

माझे पहिले मालक अप्पा. घरोघर जाऊन पाण्याचे मीटर वाचणे हे त्यांचे काम. दिवसभर फिरते आकडे बघून त्यांना कंटाळा येत असावा, कारण माझ्या वेगाचा काटा चाळिसापुढे सरकलेला त्यांना खपत नसे. सायकलवाले आम्हाला मागे टाकून जात आणि अप्पा त्यांना हात करून पुढे जाऊ देत. बारा वर्षांत त्यांनी पाचवा गिअर एकदाही टाकला नाही. गिअरच्या मुठीवरचे एक ते चार हे आकडे घासून पुसट झाले. पाच मात्र नुकताच लिहिल्यासारखा पांढराशुभ्र राहिला. मी आतल्या आत चडफडत असे. पण अप्पांची माया फार. टायरच्या खाचांत रुतलेले खडे ते किल्लीच्या टोकाने एकेक करून काढत. आज आठवले की वाटते, इतक्या हळू चालवणाऱ्या माणसाला मी थोडे अधिक सांभाळून घ्यायला हवे होते.

मग अप्पांची नजर अधू झाली. एका सकाळी त्यांनी किल्ली जेवणाच्या टेबलावर ठेवली आणि सुनेला व मुलीला म्हणाले, "दोघींत एक. भांडू नका." मुलाला त्यांनी विचारले नाही, कारण त्याच्याकडे मोटरसायकल होती.

दोघी भांडल्या नाहीत, आणि तेच माझ्या मुळावर आले. सून म्हणायची, "तुम्ही न्या ना वन्सं, तुम्हाला लांब जायचं असतं." मुलगी म्हणायची, "छे गं वहिनी, तुलाच सामान असतं." असे करता करता कुणीच मला नेईना. दोन वर्षे मी जिन्याखालच्या जागेत नाक आत घालून उभी होते. एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला जिना. माझ्या हवेच्या जाळीत उंदराने घरटे केले, तेही रंगीबेरंगी दोऱ्यांचे. हे दोरे वहिनींच्या कपड्यांना चिकटून घरी येत. त्याच काळात अप्पा गेले. त्यांना शेवटचे न्यायला दुसरी गाडी आली. मी जागची हलू शकले नाही.

आता या दोघींची ओळख करून देते. वहिनी कपड्यांच्या कारखान्यात शिवणयंत्रे दुरुस्त करत. साठ यंत्रे एकदम चालू असली, तरी कुठले टाका सोडते आहे ते त्यांना नुसत्या कानाने कळे. त्यांची नणंद गाडी शिकवण्याच्या शाळेत शिक्षिका होती. तिला सगळे मास्तरीण म्हणत. ती दिवसभर शिकणाऱ्याच्या शेजारी बसे, पाय जादा ब्रेकवर आणि तोंडी एकच मंत्र, "हळू. हळू. अहो, हळू." संध्याकाळी ती घरी येई तेव्हा तिचा उजवा पाय आपोआप थरथरत असे. मास्तरीणही माझ्याच जातीची होती. तिलाही उभे राहणे जमत नव्हते.

एका रविवारी ती वहिनींना म्हणाली, "गावाबाहेरच्या मोकळ्या मैदानावर शर्यती असतात. रबराचे शंकू मांडतात आणि एकेका गाडीने त्यांतून वाट काढायची. समोर दुसरी गाडी नसते, फक्त घड्याळ. साध्या गाड्याच असतात गं."

"साध्या म्हणजे आपल्यासारख्या?"

"आपल्याइतक्या साध्या नसतील."

वहिनींनी माझे झाकण उघडले, उंदराचे घरटे चिमटीत धरून बाहेर काढले आणि मास्तरीणबाईंना म्हणाल्या, "किल्ली फिरवा." मी खोकले, अडखळले आणि चालू झाले. वहिनी डोळे मिटून ऐकत राहिल्या. "तीन नंबरचा सिलिंडर टाका सोडतो आहे," त्या म्हणाल्या.

मित्रांनो, त्यानंतरची दोन वर्षे माझ्या आयुष्यातली खरी वर्षे. वहिनींनी मागची सीट काढली, जादा चाक काढले, गालिचा काढला. मी पोरीसारखी हलकी झाले. झटक्याने वळताना बसायला आधार हवा म्हणून त्यांनी कारखान्यातल्या जाड ताडपत्रीच्या यंत्रावर सीटच्या दोन्ही बाजूंना गाद्या शिवल्या. कडक स्प्रिंगा घातल्या. चाकांचे नट त्या ठरावीक जोराला टक् करणाऱ्या पान्याने आवळत, आणि टक् झाल्यावर हात लगेच काढून घेत. "आणखी थोडं म्हणजे जास्त मजबूत, असं नसतं," त्या म्हणत. दर शर्यतीनंतर ब्रेकच्या पट्ट्या बघायच्या, तेल बघायचे, टायरच्या कडेला खडूने रेघा मारायच्या. वळताना टायर किती कलंडला हे पुसलेल्या रेघेवरून कळते. चारचौघांत कुणी माझे पाय इतके निरखून पाहिले नव्हते.

एकच गोष्ट जमत नव्हती. डावे आणि उजवे.

मास्तरीण माझ्या आत बसणारी, तिचे डावे ते माझे डावे. वहिनींना यंत्रासमोर तोंड करून बसायची सवय. त्या माझ्या नाकासमोर उभ्या राहत आणि त्यांचे डावे म्हणजे माझे नेमके उजवे. "डाव्यात हवा कमी कर" म्हटले, की चुकीच्या चाकातून फुस्स. महिनाभर नुसता गोंधळ.

"वन्सं, तुम्ही आत बसून बोलू नका."

"मग गाडी काय बाहेर बसून चालवू?"

शेवटी वहिनींनीच तोड काढली. मी जिन्याखाली नेहमी नाक आत घालूनच उभी असे. तेव्हा माझी डावी बाजू झाली भिंतीकडची आणि उजवी जिन्याकडची. त्या दिवसापासून मैदानावर, रस्त्यात, पेट्रोलपंपावर, कुठेही माझे डावे चाक ते भिंतीकडचेच. पंपावरचा माणूस चक्रावून इकडेतिकडे भिंत शोधायचा. दोघी गालात हसायच्या.

आता दादा. वहिनींचा नवरा, मास्तरीणबाईंचा थोरला भाऊ. माणूस वाईट नव्हता. पण त्याने मोठी नवी गाडी ठरवली होती आणि ती सोमवारी यायची होती. झाकलेली जागा एकच, जिन्याखालची.

"दोन वर्षं शंकू पाडताय," तो हसत म्हणाला, "कधी एक मिनिटाच्या आत आलात?"

आमची सर्वात चांगली वेळ एकसष्ट सेकंद आणि थोडे वर अशी होती. मैदानावरची वाट नेहमी तीच असे, म्हणून हा आकडा घरात सगळ्यांना पाठ होता.

"या रविवारी मोसमातली शेवटची शर्यत. साठ सेकंदांच्या आत आलात तर जागा हिची, माझी नवी गाडी उन्हात. नाही आलात तर सोमवारी भंगारवाला येईल. कबूल?"

"कबूल," मास्तरीण फटकन म्हणाली. वहिनींनी तिच्याकडे अशा नजरेने पाहिले, की मीही दचकले. कबूल करणारी ती, आणि जाणार होते मी.

तो आठवडा दोघी माझ्याभोवती नुसत्या घिरट्या घालत होत्या. शुक्रवारी माझ्या धुराच्या नळीचा पट्टा सैल झालेला वहिनींना दिसला. मागच्या बाजूला उजेड हवा म्हणून त्या म्हणाल्या, "वन्सं, आज हिला उलटी लावा. शेपूट भिंतीच्या आत नको, नाक आत नको, शेपूट दाराकडे…" आणि स्वतःच थांबल्या. "काय म्हणते आहे मी?"

"तुला उजेड मागे हवा. कळलं." पण दाराकडे शेपूट तर रोजच असते, हे दोघींच्याही लक्षात आले नाही. इतक्या त्या भांबावल्या होत्या. मास्तरीणबाईने मला उलटी लावली, शेपूट अंधारात गेले, आणि वहिनींनी हातात बॅटरी धरून तो पट्टा आवळला. पुन्हा सरळ लावायचा कंटाळा केला.

शनिवारी टायरची पाळी. मैदानावर एक लांबलचक उजवे वळण होते, त्यात माझ्या पुढच्या डाव्या चाकावर सगळा भार येई. म्हणून दोन पुढच्या टायरांतला कमी झिजलेला त्या चाकाला लावायचा आणि त्यात हवा थोडी जास्त भरायची, असे ठरले.

"बरा टायर भिंतीकडच्याला," वहिनी म्हणाल्या.

"भिंतीकडच्याला," मास्तरीण म्हणाली, आणि भिंतीकडचे चाक खोलले.

मित्रांनो, मी उलटी उभी होते. भिंतीकडे त्या दिवशी माझे उजवे चाक होते. मला सगळे कळत होते. पण माझा आवाज म्हणजे एक हॉर्न, आणि तोही दुसऱ्याने दाबला तर वाजणारा.

रविवारी दादाही मैदानावर आला. पहिल्यांदाच आला होता. प्रत्येकाला तीन फेऱ्या, पाडलेल्या प्रत्येक शंकूला दोन सेकंदांचा दंड. पहिल्या फेरीत त्या लांब वळणावर माझे नाक बाहेर सरकत गेले आणि दोन शंकू आडवे झाले. दुसऱ्या फेरीत तेच, एक शंकू जास्त. शिट्टी वाजवून वेळ मोजणारे एक काका होते, त्यांनी वेळ सांगितली. दंड धरून बहात्तर.

"तू काय केलंयस हिला?" मास्तरीण दार आपटून म्हणाली.

"मी? हवा तुम्ही भरलीत वन्सं."

"तू सांगितलीस तशीच भरली."

वहिनी उत्तर देणार होत्या, पण त्या खाली वाकल्या. माझ्या डाव्या चाकावरची खडूची रेघ पार टायरवरच्या अक्षरांपर्यंत पुसली गेली होती. उजव्या चाकाची रेघ जशीच्या तशी. त्यांनी खाचेत नख घालून पाहिले. मग हळूच विचारले, "काल भिंत कुठं होती?"

मास्तरीणबाईने हवेत हातांनी आमची जिन्याखालची जागा काढली, मला उलटी लावली, भिंत लावली. "अगं बाई," ती म्हणाली.

तिसऱ्या फेरीला दहा मिनिटे होती. दोन्ही चाके एकदम काढायची म्हणजे दोन जॅक हवेत, आणि आमच्याकडे एकच. दुसरा शिट्टीवाल्या काकांनी दिला. एका बाजूला वहिनी बसल्या. दुसऱ्या बाजूला दादा, इस्त्रीच्या शर्टासकट, मातीत.

"तुम्ही कशाला?" वहिनी म्हणाल्या. "तुमच्याच फायद्याचं नाही."

"माहिती आहे. पाना दे."

तो नट आवळू लागला. पान्याने टक् केले तरी तो दाबतच होता.

"टक् झालं की सोडायचं," वहिनी आणि मास्तरीण एकदम म्हणाल्या.

तिसरी फेरी मी कधी विसरणार नाही. त्या वळणात माझ्या डाव्या चाकाने जमीन अशी धरली, जशी शिवणाऱ्या बाईने कापडाची कड धरावी. एकही शंकू हलला नाही. बारा वर्षे चाळिसाने चाललेली मी, माझ्या पोटात जेवढे होते नव्हते तेवढे सगळे त्या एका मिनिटात बाहेर काढले.

काका म्हणाले, "साठ पूर्णांक एक दशांश."

माझ्या पोटात टक्, टक् सुरू झाले. मास्तरीण स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिली. मग म्हणाली, "अट साठची होती, दादा. आम्ही हरलो."

"हो," दादा म्हणाला. त्याने मळलेले हात शर्टालाच पुसले. "जागा माझी." मग म्हणाला, "पण भंगारवाल्याला मी नाही म्हणून सांगतो. जिचे नट मी आवळले, ती भंगारात कशी घालू? मास्तरीणबाई, तुझ्या शाळेच्या मैदानावर एक झाड आहे ना?"

सोमवारी मी जिन्याखालची जागा सोडली. दादा स्वतः चालवत होता, शेजारी वहिनी. मास्तरीण पुढे शाळेच्या गाडीत होती. गावाबाहेरचा मोकळा रस्ता लागला तेव्हा दादाने गिअरच्या मुठीकडे पाहिले.

"ही पाचव्यात जाते का गं?"

"कुणाला ठाऊक. अप्पांनी कधी टाकलाच नाही. वन्संना मैदानावर आणि तिथवर जायला चौथाच पुरला."

त्याने टाकला. मित्रांनो, मी तेव्हा सोळा वर्षांची होते, आणि मला पहिल्यांदा कळले की माझा आवाज इतका शांत होऊ शकतो. तेवढे दोन मैल मला काहीसुद्धा नको होते.

आता मी झाडाखाली उभी असते. पाने पडतात, पक्षी घाण करतात, उन्हाने माझ्या दारांचे रबर कडक झाले आहे. जिन्याखालच्या अंधाराची मला आठवण येते, हे कबूल करते. पण महिन्यातून एकदा दोघी येतात. ब्रेक, तेल, नट, खडूच्या रेघा. मैदानावर अजून जातो. साठच्या आत एकदा आलो, त्यालाही आता बरेच दिवस झाले. शाळेत गाडी शिकायला आलेली माणसे उभी राहून ऐकतात आणि बुचकळ्यात पडतात, कारण इथे चहूकडे मोकळे रान आहे आणि वहिनी म्हणत असतात, "वन्सं, भिंतीकडच्यात अर्धा कमी करा."

तुमच्याही घरी माझ्यासारखे काहीतरी असेल. पंखा, सायकल, शिवणयंत्र, नाहीतर एखादे म्हातारे माणूस. त्याची काळजी घ्याल तेव्हा समोर उभे राहून आपले डावे-उजवे त्याच्यावर लादू नका. त्याच्या जागी बसून बघा, त्याचे डावे कुठे आहे. आणि त्याला फार काळ उभे ठेवू नका. आता थांबते. फाटकाशी दोन आवाज ऐकू येताहेत आणि त्यांतला एक किल्ली शोधतो आहे.