मेथीचा वाफा

पोलीस ॲक्शननंतर औरंगाबादेतली कोठी बागेसकट विकून वहिदाबेगम हैदराबादला निघाल्या. गिऱ्हाईक सिल्लोडचं, आणि त्याची अट एकच: बागेत कबर नको. पण मोगऱ्याच्या ताटव्यात बेगमसाहेबांच्या तान्ह्या लेकीची कबर होती. त्यांनी तोंड फिरवून फकिरा माळ्याला सांगितलं, "काढून टाक."

बागकामात फकिराचा हात धरणारा कुणी नव्हता. त्यानं दगड उचलला, सगळा मोगरा उपटला, जमीन एकसारखी करून मेथी पेरली.

निघायच्या दिवशी बेगमसाहेब फातिहा वाचायला आल्या. मेथी चांगली तरारली होती.

"फकिरा, नेमकं कुठं?"

सगळीकडं सारखीच मेथी; कबरीची जागा कुठली, फकिराला काही उमगेना. तरी त्यानं बोट दाखवलं, "इथं, बेगमसाहेब."

त्या तिथं दुवेला हात पसरून बसल्या. आपणच लेकराच्या अंगावर उभे नाय ना, या धास्तीनं फकिराला पाय हलवता येईना.