उजवे टोक डाव्यावर

जुना आहे मी, पण कुजलेला नाही; हा भेद, मित्रांनो, आरंभीच स्पष्ट केलेला बरा. एका शाळेच्या स्काउट पथकाचा मी दोर आहे. खेळाचे साहित्य ठेवण्याच्या खोलीत, फुटक्या ढोलाच्या वर ठोकलेला एक खिळा, हे माझे वास्तव्य.

मी तागाचा. एका दोर वळणाऱ्याने आणि त्याच्या लेकीने मला तीन पेडांत वळले. लेक चाक फिरवी, बाप मागे मागे सरकत पीळ भरी. ‘सुंभ जळला तरी पीळ जात नाही’ हा टोमणा माणसे हट्टी माणसाला मारतात. मला मात्र त्यात निंदा दिसत नाही. पीळ गेला की दोराचा भुसा होतो. तेव्हा पीळ जपण्याला हट्ट म्हणावे की चारित्र्य, याचा विचार म्हण वापरणाऱ्यांनी एकदा करावा.

तरुणपणी मी तंबू ताणले, ओढ्यावर बांबूंचा पूल बांधला, पाय मुरगळलेल्या मुलाची झोळी पेलली. “हा दोर आहे ना, मग काळजी नाही,” असे स्काउट मास्तर, म्हणजे मुलांचे सर, चारचौघांत म्हणत. पुढे निळा, गुळगुळीत नायलॉनचा दोर आला आणि माझी काळजी घेणेही संपले. भल्याभल्यांचे होते तेच माझे झाले: कामातून काढून मला शिकवण्यास बसवले. पथकात येऊ पाहणाऱ्या प्रत्येकाने माझी दोन टोके ‘रीफ नॉट’ नावाच्या गाठीने जोडून दाखवायची आणि मला हातात धरून शपथ घ्यायची, एवढीच माझी नोकरी उरली.

या गाठीचा मंत्र सर्वांना पाठ असे: ‘उजवं डाव्यावर, डावं उजव्यावर.’ पहिल्या वेढ्याला उजवे टोक वर, दुसऱ्याला डावे. दोन्ही वेढे एकाच बाजूने घेतले तर गाठ वाकडी बसते आणि ओझे पडताच घसरते. परंतु आरंभ डाव्याने करून शेवट उजव्याने केला, तर? तरीही गाठ तीच, आरशात दिसावी तशी, तितकीच पक्की. वेढे परस्परविरुद्ध असले म्हणजे झाले. हे मी कोणत्याही सभेत सिद्ध करून देईन. दुर्दैवाने दोराला सभेत बांधण्यासाठी नेतात, बोलण्यासाठी नाही.

पथकात मुलांच्या लहान गटांना संघ म्हणतात. अशाच एका संघाच्या नायकाने मला एका संध्याकाळी घरी नेले आणि धाकट्या बहिणीला स्वयंपाकघरात समोर बसवून शिकवू लागला.

“अरे, कपडे वाळत घालायची दोरी तुटलीय ती आधी बांध,” आई म्हणाली.

“आई, हा पथकाचा दोर आहे. याला हात लावायचा नाही.”

“बरं बाबा, पथकाचा! घरचं पथक गेलं खड्ड्यात.”

बहीण नववीत होती आणि डावरी होती. लिहिताना, जेवताना, कात्री धरताना ‘तो नाही गं, दुसरा’ हे ऐकतच ती वाढली होती. पथकात मुलींनाही घेत, पण नववीनंतर प्रवेश नसे, म्हणून तिला हे एकच वर्ष होते.

“दादा, तिथे खरंच सगळे डाव्या हाताने हात मिळवतात?”

“खरंच. सरसुद्धा. हृदय डावीकडे असतं म्हणून.”

“मग मी तर जन्मापासूनच स्काउट आहे की!” ती इतकी हसली की मी तिच्या हातातून निसटलो.

समोर बसून शिकल्यामुळे भावाचे उजवे तिला डावे दिसले, आणि तिच्या हातालाही तेच सोयीचे पडले. गाठ झाल्यावर भावाने फासात पाय घालून मला जोराने ओढले. मी जागचा हललो नाही.

“पक्की आहे. चिमे, पास झालीस समज!”

चाचणी व्हरांड्यात झाली. सर खुर्चीत, शेजारी चिमीचा भाऊ, संघनायक. पथकाचा मुख्य नायक त्याच आठवड्यात निवडायचा होता, म्हणून त्याने बुटांना दोनदा पॉलिश केले होते. पहिला मुलगा ‘बडबड्या’ नावाने प्रसिद्ध होता. तोंडाने त्याने मंत्र अस्खलित म्हटला; हातांनी मात्र दोन्ही वेळा उजवेच टोक वर घेतले. गाठ वाकडी बसली हे मला तत्काळ जाणवले. सर त्याच्या तोंडाकडे पाहत होते.

“वा! याला म्हणतात तयारी.” सरांनी डावा हात पुढे करून त्याला पथकात घेतले.

मग चिमी आली. तिने मंत्र म्हटला नाही, गाठ बांधली.

“थांब, थांब. डावं आधी वर घेतलंस तू.”

“हो सर, पण मग दुसऱ्या वेळी उजवं घेतलं. गाठ तीच होते. ओढून बघा ना.”

“ओढायचंय काय त्यात? उलटं ते उलटंच.”

“डावरीची डावी गाठ!” बडबड्या ओरडला, आणि व्हरांडा हसला.

“दादा, सांग ना सरांना. काल तूच ओढून बघितलीस.”

सरांनी मान वळवली. “काय रे, बरोबर आहे का ही?”

संघनायकाने आपल्या चकचकीत बुटांकडे पाहिले. “सर… आपल्यात उजवंच आधी घेतात.”

वाक्य अक्षरशः खरे होते. म्हणूनच ते इतके नीच होते.

“पुढच्या वर्षी बघू,” सर म्हणाले.

“पुढच्या वर्षी मी दहावीत असेन, सर.”

“मग अभ्यास कर.”

चिमीने टोके आत ढकलून गाठ सोडवली, मला नीट गुंडाळले आणि टेबलावर ठेवले. सर मनाने दुष्ट नव्हते. समजूत घालावी म्हणून त्यांनी डावा हात पुढे केला. तिने, कोणी न सांगता, उजवा पुढे केला. दोन हात क्षणभर एकमेकांसमोर अवघडून राहिले. मग ती गेली.

तिचा भाऊ मुख्य नायक झाला. आता नवीन मुलांना तोच शिकवतो आणि प्रत्येकाला बजावतो, “समोर नाही, माझ्या शेजारी बसा. समोर बसलं की उलटं शिकलं जातं.” या पद्धतीची सरांनी जाहीर प्रशंसा केली. आपण चूक सुधारली असे त्याला वाटते. चूक बसण्याच्या जागेत नव्हती, हे त्याला कोण सांगणार? घरी चिमी त्याला दादा न म्हणता ‘संघनायक’ म्हणते, हे तो परवा मित्राला गंमत म्हणून सांगत होता. हसला तो मित्रच.

मित्रांनो, दोर ओला ठेवू नका, उन्हात वाळवा, असा उपदेश माझ्याकडून अपेक्षित असेल. तो मी करणार नाही. माझी निगा राखली नाही तर एक दोर जाईल, इतकेच. पण उद्या तुमच्यापैकी कोणी खुर्चीत बसेल आणि कोणी खुर्चीशेजारी उभा राहील. खुर्चीतल्याने निकाल देण्यापूर्वी गाठ ओढून पाहावी. शेजारच्याने, ठाऊक असेल तर, बोलावे. एवढेही जमणार नसेल, तर निदान मला हातात धरून निष्ठेच्या आणि बंधुभावाच्या शपथा घेऊ नका. मी दोर आहे. मला कानांवर हात ठेवता येत नाहीत.